खैराटची शाळा आणि एक कुलूप
लिनक्स म्हणजे १९९१ साली फिनलंडच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेली, कोणीही वाचावी व बदलावी अशी संगणकाची कार्यप्रणाली. ती आपल्या महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातील खैराटच्या छोट्या शाळेत, २००७ साली हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपांतून आली. केंद्र सरकारने आदल्याच वर्षी ही योजना नाकारली होती, तरी आली!

पण खुलेपणाची परीक्षा होते ती यंत्राच्या पोटात. प्रत्येक चिपशी बोलावयास 'ड्रायव्हर' नावाचा दुभाषा लागतो, आणि तो लिहावयाचा तर चिपची माहिती हवी. या लॅपटॉपातील बिनतारी चिप मार्वेल कंपनीची. मोठी गुणी, मुख्य प्रोसेसर झोपला तरी शेजारच्या लॅपटॉपचे निरोप पुढे पोहोचवी. मात्र तिच्या आतली आज्ञावली कंपनीने बंदच ठेवली. ओपनबीएसडीचे थिओ डी राट यांनी २००६ साली यावर कडक टीका केली. इतक्या कमी विजेत हे काम करणारी दुसरी चिप नाही, असे योजनेच्या चालकांचे उत्तर. ते खोटे नव्हते; तथापि माझा कौल डी राट यांनाच. मुलांना सगळे घर मोकळे म्हणून द्यावयाचे आणि एका खोलीला कुलूप ठेवावयाचे, हे कसे?

चिपबाहेरचा ड्रायव्हर तेवढा खुला होता. तो २००७ सालीच लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. त्याचे नाव 'लिबर्टास'; लॅटिनमध्ये याचा अर्थ स्वातंत्र्य!