देसाईगंजची ती रात्र

‘डेट्रॉइट’ हा २०१७चा अमेरिकी चित्रपट पाहताना मला आपले देसाईगंज आठवले. तिकडे १९६७च्या दंगलीत तीन कृष्णवर्णीय तरुण मारले गेले, पोलीस निर्दोष सुटले. इकडे २६ मार्च १९७२च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, अनाथ आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच बलात्कार झाल्याची तक्रार झाली. नातलग बाहेर उभे होते. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ साली शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. एक कारण असे, की मुलीच्या अंगावर जखमेची खूण नव्हती! खाकीपुढे भेदरलेली पोर झटापट करणार तरी कशी? १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८०मध्ये मुंबई, दिल्ली, नागपूरला मोर्चे निघाले. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या अशा खटल्यात स्त्रीने ‘संमती नव्हती’ म्हटले, तर न्यायालय तसे गृहीत धरू लागले. त्या दोघांची सुटका मात्र कायम राहिली.