स्वादुपिंडशोथ, जीर्ण : वेदनेची चेताप्रक्रिया

जीर्ण स्वादुपिंडशोथात पोटाच्या वरच्या भागातून पाठीत शिरणारी कळ ग्रंथीत सुरू होते, पण तिचा मुक्काम तिथेच राहत नाही. वाहिनीतील खडे आणि वाढलेला दाब हे जुने स्पष्टीकरण अपुरे आहे. स्कॅनमधील बिघाड आणि रुग्णाची वेदना यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. सूज टिकून राहिली की ग्रंथीतील चेतातंतू जाड होतात, त्यांभोवती दाहपेशी जमतात आणि टीआरपीव्ही१ हा ग्राही अतिसंवेदनशील होतो (मिरची झोंबते तीही याच ग्राहीमुळे). संदेश उदरातील चेताजालातून मेरुरज्जूच्या वक्षीय भागात पोहोचतात. सततच्या माऱ्याने तिथल्या पेशी उत्तेजित राहतात, मेंदूकडून येणारा वेदनारोध दुबळा पडतो आणि किरकोळ संवेदनाही कळ बनते. म्हणूनच खडे काढूनही काहींचे दुखणे थांबत नाही. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत प्रीगॅबालिन या चेतावेदनेवरील औषधाने आराम पडला. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीने २०१६मध्ये, वाहिनी मोकळी केल्यावर उलटलेल्या वेदनेत त्याला अँटिऑक्सिडंटची जोड उपयोगी ठरल्याचे दाखवले. २०२०च्या डच चाचणीत लवकर केलेली शस्त्रक्रिया आधी एंडोस्कोपी करण्यापेक्षा सरस ठरली, जरी संपूर्ण वेदनामुक्ती थोड्यांनाच मिळाली.