अफूच्या बोंडातील विष आणि औषध

इंदूर, उज्जैन, मंदसोर या भागांत ज्या मराठी घराण्यांचे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य आहे, त्यांस अफूचे शेत अपरिचित नाही. थंडी सरता सरता पाकळ्या गळून पडतात. हिरव्या बोंडांना चिरा दिल्या जातात आणि रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घेतला जातो. होळकर व शिंदे यांच्या मुलखातील ही अफू एकोणिसाव्या शतकात चीनकडे जाई. कंपनी सरकारचा जाच चुकविण्यासाठी व्यापारी ती कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमण बंदरात आणीत. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट बंद झाली आणि दमणचा हा व्यापार ओसरला.

या व्यापारात नफा आपल्याकडे राहिला आणि व्यसन परदेशी गेले, अशी आपण समजूत करून घेतो. ती खरी नाही. रडणाऱ्या तान्ह्या मुलास अफूची बाळगोळी देऊन आई कामावर जाई, ही आपल्याच घरांतील गोष्ट आहे.

अफूतील गुणकारी द्रव्य मॉर्फिन. ते सेर्ट्यूर्नर नावाच्या तरुण जर्मन औषधनिर्मात्याने १८०५ च्या सुमारास वेगळे केले. त्याचेच रूपांतर असलेले हेरॉइन १८९८ मध्ये बायर कंपनीने खोकल्यावरील औषध म्हणून विकावयास काढले. वेदना शमविण्यास निघालेल्या प्रत्येक द्रव्याने नवे व्यसनी निर्माण केले. म्हणून ‘व्यसनावर औषध’ हे शब्द ऐकताच सुज्ञ माणूस साशंक होतो, यात नवल नाही.

या शंकेस पहिले समर्थ उत्तर न्यूयॉर्कमध्ये मिळाले. डॉ. व्हिन्सेंट डोल व डॉ. मारी निस्वांडर यांनी १९६४ पासून हेरॉइनच्या व्यसनींना मेथाडोन नियमित देऊन पाहिले. तलफ शमली, माणसे कामावर जाऊ लागली. व्यसन हा केवळ मनाचा दुबळेपणा नसून शरीरात मुरलेला विकार आहे, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानंतर १९६६ मध्ये इंग्लंडमधील हल येथे ब्यूप्रेनॉर्फिन तयार झाले. ते थेबाइनपासून बनते, आणि थेबाइन हा अफूच्या त्याच चिकातील एक घटक होय. मेंदूत जेथे मॉर्फिन बसते तेथेच हे औषध बसते. परंतु त्याचा परिणाम एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, आणि ते इतके घट्ट बसते की वरून घेतलेल्या हेरॉइनला सहसा वाव उरत नाही.

अडचण राहिली ती रोजच्या गोळीची. जिभेखाली ठेवावयाची गोळी चुकते, विकली जाते, क्वचित घरातील मुलाच्या हाती लागते. शिवाय औषध घ्यावे की न घ्यावे, हा निर्णय दुर्बल मनाला रोज नव्याने करावा लागतो. यावर तोडगा निघाला तो वेगळ्याच क्षेत्रातून. सिलिकॉन रबरातून औषध हळूहळू बाहेर झिरपते, असे फोकमन व लाँग या अमेरिकन संशोधकांनी १९६४ मध्ये दाखविले होते; त्या तत्त्वावर संततिनियमनाची ‘नॉरप्लांट’ ही दंडात बसविण्याची साधने आली. तीच युक्ती, निराळ्या प्लास्टिकच्या साहाय्याने, व्यसनाच्या उपचारात आणली गेली. मे २०१६ मध्ये अमेरिकेत ‘प्रोब्युफिन’ला मान्यता मिळाली. सुमारे एक इंच लांबीच्या चार बारीक कांड्या दंडाच्या आतील बाजूस कातडीखाली बसवावयाच्या. सहा महिने त्यांतून ब्यूप्रेनॉर्फिन झिरपत राहते.

परंतु त्या बसविण्यास व काढण्यास लहानशी शस्त्रक्रिया व प्रशिक्षित डॉक्टर लागत, आणि अल्प मात्रेवर स्थिरावलेल्या रुग्णांपुरताच त्यांचा उपयोग होता. २०२० च्या अखेरीस उत्पादकाने अमेरिकेतील विक्री थांबविली. महिन्यातून एकदा टोचावयाची ब्यूप्रेनॉर्फिनची सुई तेथे २०१७ मध्येच मान्य झाली होती. कांडी मागे पडली. रोजच्या परीक्षेतून रुग्णास सोडविण्याचा विचार मात्र टिकला.

हे आम्ही येथे का लिहितो? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीप्रमाणे भारतात सुमारे सव्वादोन कोटी माणसे अफूवर्गीय द्रव्ये घेतात. आपल्या मंदिरांत देवापुढे शपथ घेऊन, गळ्यात माळ घालून व्यसन सोडणारे पुष्कळ आहेत. त्या निष्ठेचा आम्ही आदरच करतो. पण एक गोष्ट कठोरपणे सांगितली पाहिजे. काही आठवडे व्यसन सुटले की शरीराची सवय मोडते. मग एखाद्या दुबळ्या क्षणी पूर्वीचीच मात्रा घेतली तर ती प्राणघातक ठरते. शपथ मोडल्याची लाज माणसाला एकांतात नेते, आणि एकांतात मदतीस कोणी नसते. उपचार चालू असेपर्यंत हा धोका पुष्कळच कमी होतो.

म्हणून ‘औषध घेतो म्हणजे अजून व्यसनीच आहे’ असे म्हणून अशा माणसास पंक्तीतून, भजनातून, सेवेतून दूर ठेवणे हा अन्याय आहे. मधुमेह्याच्या सुईस आपण व्यसन म्हणत नाही. ज्या नीमचच्या परिसरात आजही परवान्याने अफू पिकते, तेथील सरकारी कारखान्यात त्याच चिकातून औषधी द्रव्ये काढली जातात. एकाच बोंडात विष व औषध दोन्ही आहेत. नशेतून उठू पाहणाऱ्या मनुष्यास आपल्या वागण्यातून यांपैकी काय मिळावे, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.