मुंबईचं घड्याळ 39 मिनिटं मागे होतं तेव्हा

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम करा. हातातल्या मोबाइलवर किती वाजलेत ते बघा. बघितलंत? तुम्ही मुंबईत असाल तर ही वेळ तुमच्या डोक्यावरच्या सूर्यापेक्षा साधारण 39 मिनिटं पुढे आहे. नागपुरात असाल तर साधारण 14 मिनिटं. फोन बिघडलेला नाही, काळजी नको. पण या 39 मिनिटांवरून मुंबईत एकेकाळी गिरणी कामगार रस्त्यावर उतरले होते, आणि आज मी तीच गोष्ट सांगणार आहे.

आधी हिशेब समजून घेऊ, सोपा आहे. पृथ्वी 24 तासांत स्वतःभोवती 360 अंश फिरते. म्हणजे एक अंश फिरायला तिला 4 मिनिटं लागतात. त्यामुळे पूर्वेच्या गावात सूर्य आधी माथ्यावर येतो, पश्चिमेच्या गावात नंतर. पूर्वी प्रत्येक गाव आपल्या सूर्यावर चालायचं. मुंबईत बारा वाजायचे तेव्हा कोलकात्यात एक वाजून गेलेला असायचा. आणि त्याने कुणाचं काही अडत नव्हतं. बैलगाडीने जाणाऱ्या माणसाला अर्ध्या तासाच्या फरकाचं काय?

अडायला लागलं ते रेल्वे आल्यावर. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, आणि पुढच्या काही वर्षांत रूळ देशभर पसरले. आता वेळापत्रक कुठल्या गावच्या वेळेवर छापायचं? रेल्वेने मद्रासची वेळ निवडली. मद्रासला जुनी वेधशाळा होती, तिथून तारेने सगळीकडे वेळ कळवता यायची, आणि हे शहर मुंबई-कोलकात्याच्या मधे पडत होतं. मुंबईच्या वेळेपेक्षा मद्रासची वेळ अर्धा तास पुढे. म्हणजे मुंबईकराने घरचं घड्याळ बघून स्टेशन गाठलं, तर गाडी गेलेली!

तरी हे रेल्वेपुरतं होतं तोवर लोकांनी चालवून घेतलं. 1881 मध्ये मात्र गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावली. हो, ज्यांच्या नावाचं कॉलेज पुण्यात आहे, तेच हे. शहराला ते काही रुचलं नाही. आमचं घड्याळ मद्रासने का लावायचं, असा सवाल उभा राहिला. विरोध इतका वाढला की शेवटी सरकारला आदेश मागे घ्यावा लागला. पहिली फेरी मुंबईने जिंकली.

दुसरी फेरी जास्त चुरशीची झाली. जगभरात तेव्हा ग्रिनिचवरून वेळ मोजायची पद्धत रुळत होती. भारतासाठी 82.5 अंश पूर्व रेखांश धरून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे अशी एकच प्रमाणवेळ ठरली. 1905 च्या जुलैमध्ये ती रेल्वे आणि तारखात्याने घेतली, आणि 1 जानेवारी 1906 पासून मुंबईतल्या सरकारी कारभाराला लागू झाली.

या तारखांकडे जरा नीट बघा. ऑक्टोबर 1905 मध्ये बंगालची फाळणी झाली होती. स्वदेशीची चळवळ पेटली होती, परदेशी कपड्यांच्या होळ्या होत होत्या. अशा वेळी सरकार म्हणतं, उद्यापासून घड्याळं 39 मिनिटं पुढे करा. लोकांना त्यात विज्ञान कसं दिसणार? त्यांना दिसली ती आणखी एक सक्ती.

पण मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते गिरणी कामगार. कारण सुशिक्षित मंडळींसाठी हा मानापमानाचा प्रश्न होता, कामगारांसाठी झोपेचा. गिरण्यांत नुकतीच विजेची दिवाबत्ती येत होती आणि कामाचे तास आधीच लांबले होते. आता समजा, पाळी सहाला सुरू होते. नव्या घड्याळात सहा म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पाच वाजून 21 मिनिटं. भोंगा तोच, पगार तोच, फक्त चाळीतून निघायचं ते आणखी गडद अंधारात, आणि तेही जानेवारीच्या थंडीत. त्या महिन्यात जेकब ससून मिलमधल्या हजारो कामगारांनी याविरुद्ध निदर्शनं केली. रेखांश बदलला म्हणून कामगार चिडलेत, असं उदाहरण जगात फार सापडणार नाही.

महापालिकाही हटून बसली. तिने आपल्या कारभारासाठी मुंबईची वेळच कायम ठेवली. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. बोरीबंदर स्टेशन आणि पालिकेची इमारत समोरासमोर. रस्त्याच्या एका बाजूला रेल्वेचा कारभार प्रमाणवेळेवर, दुसऱ्या बाजूला पालिकेचा मुंबई वेळेवर. रस्ता ओलांडला की 39 मिनिटांचा फरक! कुणी भेटायची वेळ दिली की पहिला प्रश्न, कुठल्या घड्याळाने? जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्ताच्या वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ असं छापलेलं दिसतं. म्हणजे स्टँडर्ड टाइम. ते लिहावं लागायचं याचं कारण हेच.

हा घोळ एक-दोन वर्षांचा नव्हता बरं का. मधे दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945, सरकारने देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे ढकललं होतं. कोलकात्याने आपली वेगळी वेळ 1948 मध्ये सोडली. मुंबईची वेळ कायमची संपली ती स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या दशकात. परक्या सरकारचा हुकूम म्हणून जे नाकारलं होतं, तेच आपल्या देशाची वेळ म्हणून लोकांनी घेतलं. आकडा तोच होता, ग्रिनिच अधिक साडेपाच. मला वाटतं, फरक पडला तो वेळ कुणाची आहे, या भावनेने.

आणि प्रश्न पुरता मिटलेला नाही. आसामात सूर्य इतका लवकर उगवतो की तिथल्या चहाच्या मळ्यांत घड्याळ एक तास पुढे ठेवायची जुनी पद्धत आहे. त्याला ‘बागान टाइम’ म्हणतात. ईशान्येसाठी वेगळी वेळ द्या, ही मागणी अधूनमधून होतच असते. तिथेही मुद्दा तोच, उजेड कधी आणि काम कधी.

आपल्या घरातही जुनी वेळ शिल्लक आहे. संकष्टीला कॅलेंडर उघडा. चंद्रोदयाची वेळ गावागावांची वेगळी दिलेली असते. नागपुरात उपास सुटतो तेव्हा मुंबईकर अजून चंद्राची वाट बघत असतात, साधारण 25 मिनिटं. उपासाच्या बाबतीत प्रत्येक गाव आजही आपल्याच आकाशावर चालतं.

पटत नसेल तर स्वतः करून बघा. मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो. गच्चीवर एक पेला उपडा ठेवा. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन पेल्याची सावली नाहीशी होईल, तेव्हा मोबाइलवर बारा नाही, 12 वाजून 35 मिनिटांच्या आसपास वाजलेले असतील.

आणि हो, घरात आजी-आजोबांच्या लग्नाची पत्रिका जपून ठेवलेली असेल, तर त्यात ‘स्टँ. टा.’ सापडतंय का ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.