खबर, नोंद आणि नाव : वऱ्हाडातील पोलिसी वार्ताविनिमयाचा एक भाषिक धागा

वऱ्हाडच्या पोलीसव्यवस्थेचा इतिहास बहुधा कायदे व नेमणुका ह्यांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याच इतिहासाकडे भाषेच्या अंगाने पाहावयाचे आहे. एका हद्दीतील गुन्ह्याची खबर दुसऱ्या हद्दीत जाते तेव्हा ती कोणत्या शब्दांत जाते आणि वाटेत तिच्यातून काय गळते, एवढाच येथे प्रश्न आहे.

हा प्रश्न वऱ्हाडात विशेष उठून दिसतो, ह्याचे कारण ह्या प्रदेशाची ठेवण. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा मुलूख १९०३ पर्यंत हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली होता. पुढे तो मध्यप्रांताच्या कारभारास जोडण्यात आला. पश्चिमेस मुंबई इलाख्यातील खानदेश, दक्षिणेस निजामाचे राज्य, उत्तरेस मेळघाटापलीकडे मध्यप्रांताचा बैतूल जिल्हा. आणि अकोला व बडनेरा ही स्थानके मुंबई-नागपूर लोहमार्गावर. चोरी अकोल्यास, माल खानदेशात आणि संशयित निजामाच्या हद्दीत, असे घडावयास फारसे सायास नकोत.

अशा तुटक हद्दींवरचा पहिला परिणामकारक उपाय स्लीमनच्या ठगीविरोधी मोहिमेने शोधला. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहणे, टोळ्यांच्या वंशावळी तयार करणे आणि ती माहिती संस्थानांतील इंग्रज अधिकाऱ्यांकडे पोचविणे, ही त्याची पद्धत. वाशीमच्या दक्षिणेस असलेल्या हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा कापडाचा व्यापारी प्रतिष्ठेने राहत होता आणि तो वस्तुतः ठग होता, ही स्लीमनने नोंदविलेली हकीकत ह्या दृष्टीने बोलकी आहे. शेजाऱ्यांस जे ठाऊक नव्हते ते दूरच्या जबान्यांनी उघड केले. वार्ताविनिमयाचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. ते नसते तर वाटसरूंचे खून कोणत्याच एका हद्दीत सिद्ध झाले नसते.

परंतु ह्याच मोहिमेतून ‘रामासीआना’ हा ठगांच्या गुप्त बोलीचा कोश १८३६ साली कलकत्त्यास निघाला, आणि त्याच वर्षीच्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेस पात्र अपराध ठरला. कोश आणि कायदा एकाच वर्षी यावेत हा योगायोग असेल. तथापि दोहोंमागील गृहीत एकच आहे : समूह ओळखला की गुन्हा ओळखला.

ह्या गृहीताची वऱ्हाडी शाखा १८८२ साली मुंबईस प्रसिद्ध झालेल्या गंथॉर्पच्या पुस्तकात सापडते. त्याचे शीर्षकच मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्यप्रांत अशा तीन कारभारांना एका ओळीत आणते. त्या तिन्हींत राहणाऱ्या वा फिरत येणाऱ्या ‘गुन्हेगार जमाती’ हा त्याचा विषय. १९१० मध्ये मध्यप्रांताच्या पोलीस खात्यातील गेयर ह्यांची व्याख्याने त्याच विषयावर ग्रंथरूप झाली. अशा पुस्तकांना मी वार्ताविनिमयाची साधनेच मानतो. एका ठाण्याचा अनुभव दुसऱ्या ठाण्याच्या कामी यावा, हाच त्यांचा उपयोग.

मात्र ह्या वाटेने प्रवास झाला तो मुख्यतः नावांचा. गावच्या जागल्याने पोलीस पाटलास दिलेली खबर स्वभावतः माणसाविषयी असते : अमुक, अमक्याचा मुलगा, सुगी संपली की येणारा, पांढरीबाहेर पाल ठोकणारा. ती तालुक्यावरून जिल्ह्यास, जिल्ह्यावरून दुसऱ्या प्रांतास जाऊ लागली की ‘अमक्याचा मुलगा’ निरुपयोगी ठरतो, कारण त्यास तेथे कोणी ओळखत नाही. उरते ते जातीचे नाव. पारध म्हणजे मृगया आणि पारधी म्हणजे ती करणारा. फासेपारधी हे नाव त्याच्या फाशांवरून पडले. टाकणकार हा गुळगुळीत झालेल्या जात्यास टाकी लावून देणारा. ही तिन्ही व्यवसायवाचक नावे पोलिसी लिखाणात गुन्ह्याची लक्षणे बनली. टाकणकाराचे दारोदार फिरणे हे गृहिणीच्या दृष्टीने काम. परमुलखातील फौजदाराच्या दृष्टीने घरफोडीपूर्वीची टेहळणी. ‘भामटा’ ह्या शब्दाची गत तर मराठी भाषकास सांगावयास नको. तो आधी जातिवाचक की दोषवाचक, हा वाद बाजूस ठेवला तरी आज त्यातली जात कोणास ऐकू येत नाही.

ह्याउलट ग्रीअर्सनच्या भाषापाहणीच्या १९०७ च्या खंडात पारधी व टाकणकारी ह्यांची नोंद भिल्ली बोलींच्या वर्गात, गुजरातीशी नाते सांगणाऱ्या बोली म्हणून आली आहे. तीच बोली तेथे व्याकरणाचा विषय आहे, ठाण्यात ओळखपटीचा पुरावा. भाषाशास्त्रज्ञांनी ह्याबद्दल फार अभिमान बाळगू नये. पाहणीही सरकारचीच होती.

१९०२-०३ च्या फ्रेझर आयोगानंतर, १९०४ साली, ठगी व डकैती खात्याची जागा मध्यवर्ती गुन्हेवार्ता खात्याने घेतली आणि प्रांतोप्रांती त्याचे जोडखाते उभे राहिले. आयोगाचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर पूर्वी मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त होते. ठाणे, प्रांत आणि केंद्र अशी आजची त्रिस्तरी रचना येथून आकारास येते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर नेण्यात आली. १९५२ च्या ऑगस्टअखेर तो रद्द झाला. जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण त्यांच्यामागे सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले.

नोंदवह्या मात्र कायद्याबरोबर रद्द होत नाहीत. २००९ साली मंजूर झालेल्या गुन्हे व गुन्हेगार माहिती जाळ्याने देशभरातील ठाणी संगणकाने जोडण्याचे काम हाती घेतले, म्हणजे स्लीमनला वर्षे लागत तो ताळा आता क्षणात होऊ शकतो. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हेइतिहास-पत्रकांचा विचार करताना, केवळ मागास वा वंचित समाजातील म्हणून निरपराध व्यक्तींची नावे त्यांत यांत्रिकपणे घातली जाऊ नयेत, असे बजावले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरच्या निकालात त्याने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, अशी सूचना पोलिसांस दिली. गंथॉर्पच्या पुस्तकास तेव्हा १४२ वर्षे झाली होती.