चेहऱ्याचा लेप आणि छायाचित्राची कांच



आजच्या भाषणाचा विषय सेवानिवृत्त शाळामास्तराच्या तोंडीं शोभेल कीं नाहीं, अशी शंका आपणांपैकीं पुष्कळांना येईल. चेहऱ्याला लावावयाचा जो रंगलेप हल्लीं ‘फाउंडेशन’ या नांवानें विकला जातो, तो कोणत्या कातडीस कोणता घ्यावा आणि छायाचित्र काढवितांना कोणता लावावा, हा प्रश्न दुकानदाराचा किंवा रंगभूषाकाराचा आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु या लेपाचा इतिहास चाळूं लागलों म्हणजे ध्यानांत येतें कीं, हा लेप नुसता चेहरा पाहून क्वचितच ठरला. चेहऱ्यावर पडणारा उजेड आणि तो चेहरा टिपून घेणारी कांच किंवा फिल्म, या दोघांनीं मिळून तो ठरविला. आणि ती फिल्म ज्यांनीं घडविली, त्यांच्या डोळ्यांपुढें आपले सांवळे चेहरे नव्हते. या एका गोष्टीचे परिणाम आपल्या घरांतील मुलींना भोगावे लागले आहेत, म्हणून आज हा विषय घेतला.

प्रारंभ रंगभूमीपासून करूं. युरोपांत मेणबत्त्यांच्या उजेडांत नाटकें होत, त्या काळीं नटनट्या कोरडी रंगीत पूड चेहऱ्याला चोळीत. गोरेपणासाठीं शिशाचा सफेदा लावण्याची चाल तर दरबारी स्त्रियांतहि होती. त्या सफेद्यानें कातडी बिघडे, आणि तें बिघडलेलें झांकण्यासाठीं त्याच सफेद्याचा आणखी जाड थर चढे! लंडनच्या समाजांत सौंदर्याविषयीं गाजलेली काउंटेस ऑफ कॉव्हेंट्री, मारिया गनिंग, १७६० मध्यें ऐन तारुण्यांत वारली, आणि तिच्या मृत्यूचें खापर या सफेद्यावरच फुटलें. आपण यावरून युरोपला हंसण्याचें कारण नाहीं. आपल्या देशांतील लोकनाट्यांत चेहऱ्याला मुरदाडशिंग लावीत, तेंहि शिशाचेंच एक रूप होय.

पुढें नाट्यगृहांत गॅसचे दिवे आले, आणि १८८१ मध्यें लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहांत विजेचे. उजेड जसजसा वाढला, तसतसें कोरड्या पुडीचें पितळ उघडें पडलें. घाम आला कीं ओघळ दिसत. डोक्यावरील टोपाची कडा कपाळावर रेघेसारखी उठे. लाइपझिग येथील कार्ल बौदिन नांवाच्या नटानें ती कडा झांकण्यासाठीं जस्ताचा सफेदा, पिवडी आणि हिंगूळ हीं डुकराच्या चरबींत कालवून लेप केला. हीच युक्ति लुडविग लाइख्नर या ऑपेरा-गायकानें धंद्याच्या रूपास आणली. १८७३ मध्यें त्यानें बर्लिनमध्यें असल्या लेपाच्या कांड्या विकावयास आरंभ केला व प्रत्येक कांडीस क्रमांक दिला. क्रमांक पांच हस्तिदंती, क्रमांक नऊ विटकरी. या दोहोंच्या मिश्रणानें इंग्रजी नट आपला नेहमींचा, साधा चेहरा रंगवीत. ‘साधा चेहरा’ म्हणजे हस्तिदंत अधिक वीट, हें समीकरण येथें नकळत रूढ झालें, हें लक्षांत असूं द्या.

तथापि रंगभूमीवरील लेप दुरून पाहावयाचा असतो. १८४३ मध्यें सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें तेव्हांपासून बालगंधर्वांच्या काळापर्यंत आपल्याकडे पुरुषांनीं स्त्रीभूमिका गाजविल्या. लेप जाड असला तरी पांचव्या रांगेंतील प्रेक्षक तो क्षम्य मानतो. कांच मात्र कांहींच क्षम्य मानीत नाहीं, आणि खरा घोटाळा तेथेंच आहे.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं आणि ज्या शहरांत लाइख्नर कांड्या विकूं लागला, त्याच १८७३ सालीं बर्लिनमध्येंच हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल नांवाच्या प्राध्यापकानें छायाचित्राच्या कांचेचा एक मोठा दोष उकलला. तोंवर छायाचित्राची कांच बव्हंशीं निळा प्रकाशच ओळखी. हिरव्याला ती मंद होती आणि तांबड्याला तर आंधळीच होती. म्हणून आकाश पांढरेंफटक येई आणि लाल ओंठ काळे दिसत. कांचेवरील द्रव्यांत विशिष्ट रंग मिसळला असतां तिला हिरवें दिसूं लागतें, असें फोगेलला आढळलें. यांतून ज्या सुधारलेल्या कांचा व फिल्मा निघाल्या त्यांना ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ म्हणत. तांबडें मात्र त्यांनाहि दिसत नव्हतें.

आतां विचार करा. सांवळ्या कातडीवरून जो प्रकाश परत फिरतो त्यांत तांबडा आणि पिवळा अंश अधिक, निळा फार थोडा. जी कांच तांबडें पाहतच नाहीं, तिच्यापुढें हा चेहरा बसला तर तो डोळ्यांना दिसतो त्याहून कितीतरी काळा उमटणार. गोऱ्या माणसाच्या गालावरील तांबूस डागहि त्या कांचेवर काळे येत, पण डाग काळे येणें निराळें आणि सबंध चेहरा काळा येणें निराळें. दादासाहेब फाळक्यांनीं १९१२-१३ मध्यें दादर येथें सूर्यप्रकाशांत ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला तो अशा फिल्मेच्या जमान्यांत. अण्णा साळुंखे या उपाहारगृहांत काम करणाऱ्या तरुणानें त्यांत तारामती उभी केली. नाटकांतील गालांची लाली तशीच्या तशी उचलून अशा फिल्मेपुढें नेली, तर गालांवर खळगे पडल्यासारखे दिसत. तेव्हां पडद्यासाठीं रंगभूषा मुळापासून नव्यानें शिकावी लागली.

ती शिकविण्यांत अग्रेसर ठरला मॅक्स फॅक्टर. हा पोलंडांतील ज्यू गृहस्थ, मूळचा टोप तयार करणारा. १९०४ मध्यें अमेरिकेस गेला आणि पुढें लॉस एंजेलिसला स्थायिक झाला. लाइख्नरच्या पद्धतीचा जाड लेप वाळला कीं त्याला तडे जात, आणि जवळून घेतलेल्या चित्रांत ते तडे दिसत. १९१४ मध्यें फॅक्टरनें पातळ व लवचिक मलम केलें, तें चेहऱ्याच्या हालचालीबरोबर हाले. पुढें बोलपट आले. जुने कार्बनचे दिवे आवाज करीत, म्हणून त्यांच्या जागीं तारेचे विजेचे दिवे आले. त्यांच्या उजेडांत तांबडा अंश पुष्कळ. त्याच सुमारास तांबडेंहि ओळखणारी ‘पॅनक्रोमॅटिक’ फिल्म रूढ झाली. झालें, कालपर्यंतचे सारे लेप निरुपयोगी! १९२८ मध्यें हॉलिवुडांत या दिव्यांच्या चांचण्या झाल्या त्यांत फॅक्टरनें भाग घेतला आणि नव्या फिल्मेसाठीं लेपाच्या निराळ्या छटा बसविल्या.

यानंतर टेक्निकलर. या पद्धतींत झगझगीत उजेड लागे, आणि तेलकट लेप आरशासारखा आजूबाजूचे रंग परत फेंकी. हिरवा पडदा जवळ असला तर नटीचा गाल हिरवट! तेव्हां फॅक्टरच्या कारखान्यानें ओल्या स्पंजानें लावावयाची चकती काढली, तीच ‘पॅनकेक’. १९३७ च्या ‘व्होग्ज ऑफ १९३८’ या चित्रपटांत ती वापरली गेली आणि लगेच बाजारांत आली. आपल्याकडील रंगपटांतहि हें नांव घरच्यासारखें झालें. मात्र रंगाचा प्रश्न नुसत्या लेपानें सुटत नाहीं, याचा अनुभव प्रभात कंपनीनें आधींच घेतला होता. १९३३ चा ‘सैरंध्री’ रंगीत छपाईसाठीं जर्मनीस नेला, पण रंग मनासारखे उतरले नाहींत.

येथें एक हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. लेना होर्न ही कृष्णवर्णीय गायिका १९४२ च्या सुमारास हॉलिवुडांत आली. तिचा वर्ण उजळ. पडद्यावर ती गोरीच वाटेल अशी मालकांना धास्ती. म्हणून तिच्यासाठीं ‘लाइट इजिप्शियन’ नांवाची गडद छटा मुद्दाम बनविली गेली. पुढें तीच छटा गोऱ्या नट्यांना फांसून कृष्णवर्णीय किंवा मिश्रवर्णीय स्त्रियांच्या भूमिका त्यांनाच दिल्या, असें होर्नबाई स्वतः सांगत. १९५१ च्या ‘शो बोट’ मध्यें अशी भूमिका अ‍ॅव्हा गार्डनर हिच्या वांट्यास आली. सांवळ्या रंगाचा लेप होता, पण तो सांवळ्या माणसाच्या उपयोगी पडूं दिला गेला नाहीं.

आपल्याकडे त्या काळीं काय चाललें होतें? छायाचित्रकाराकडे बसण्यापूर्वीं चेहऱ्यावर स्नो आणि त्यावर पावडर. मुंबईचे पाटणवाला यांचा ‘अफगाण स्नो’ घराघरांतून होता. पांढरी पूड सांवळ्या कातडीवर बसली कीं चेहरा राखेसारखा दिसतो. मान सांवळी ती सांवळीच. एवढ्यानें भागलें नाहीं तर छायाचित्रकार उलट्या चित्राच्या कांचेवर बारीक पेन्सिल फिरवी. जेथें पेन्सिल फिरे, तेथें छापील चित्रांत उजळपणा येई. मुलगी दाखविण्याआधीं तिचा फोटो पाठविण्याची चाल होती, तेव्हां या पेन्सिलीचा भाव फार चढला. आमच्या नात्यांतील एका मुलीचें स्थळ फोटोवरून परत आलें. दुसऱ्या ठिकाणीं पेन्सिल फिरविलेला फोटो पाठविला, तर प्रत्यक्ष पाहतांच मंडळींनीं फसवणुकीचा आरोप केला. पहिल्यांदा फिल्मेनें तिला होती त्याहून काळी केली आणि दुसऱ्यांदा पेन्सिलीनें होती त्याहून गोरी. तिला स्वतःला कोणींच पाहिलें नव्हतें.

रंगीत छायाचित्रें आल्यावर तरी हा अन्याय संपावयास हवा होता, पण तो निराळ्या वाटेनें आला. १९५४ पर्यंत अमेरिकेंत कोडॅकची रंगीत फिल्म धुण्याच्या खर्चासकट विकली जाई. पुढें तें काम इतर प्रयोगशाळांसहि खुलें झालें. छापील रंग बरोबर आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं कोडॅकनें त्यांना एका गोऱ्या तरुणीचें चित्र असलेलें कार्ड दिलें. पहिल्या तरुणीच्या नांवावरून त्यास ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी ठीक दिसली कीं यंत्र ठीक! सांवळ्या चेहऱ्यासाठीं दुसरें माप नव्हतें. १९७७ मध्यें मोझांबिक देशांत काम करतांना फ्रेंच दिग्दर्शक ज्यां-लुक गोदार यानें कोडॅकची फिल्म याच कारणासाठीं नाकारली. फिल्मेंत गडद तपकिरी रंगाच्या सूक्ष्म छटा येऊं लागल्या, त्याला चॉकलेटच्या आणि लांकडी सामानाच्या कारखानदारांच्या तक्रारी कारण झाल्या, असें या विषयाच्या अभ्यासकांना आढळलें आहे. माणसांच्या तक्रारीपेक्षां कपाटाची तक्रार वजनदार ठरली! निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलीं कार्डें १९९० नंतर निघालीं.

सगळा दोष हेतूचा होता असें मी म्हणणार नाहीं. फिल्मेची उजेड-अंधार पेलण्याची शक्तिच मर्यादित होती. वर्गाच्या वार्षिक छायाचित्रांत मीं हें वर्षानुवर्षें पाहिलें. पांढऱ्या शुभ्र सदऱ्यांना सांभाळून उजेड ठरविला कीं मागच्या रांगेंतील सांवळ्या मुलांचे फक्त दांत दिसत. तीं मुलें तें चित्र घरीं नेण्यास नाखूष असत, आणि त्याचें कारण मला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

आज संगणकी कॅमेऱ्यांनीं ती मर्यादा पुष्कळ दूर सारली आहे आणि लेपाच्या छटांनाहि तोटा नाहीं. २०१७ मध्यें ‘फेंटी ब्यूटी’ या अमेरिकन कंपनीनें एकदम ४० छटा बाजारांत आणल्यावर इतरांनाहि गडद छटा वाढविणें भाग पडलें. तेव्हां आतां निवड कशी करावी, तें सांगतों.

आधीं कातडी ओळखावी. साध्या पाण्यानें तोंड धुवून तासभर कांहींहि लावूं नये. कपाळ व नाक चमकूं लागलें तर कातडी तेलकट. तिला तेलरहित, चकाकी न देणारा लेप मानवतो. चेहरा ओढल्यासारखा वाटला तर कोरडी. तिला आधीं ओलावा देणारें मलम आणि मग स्निग्ध लेप, नाहींतर फॅक्टरनें पाहिलेले तडे पुन्हां दिसतील. नाक-कपाळ तेलकट आणि गाल कोरडे, अशी मिश्र कातडी फार जणांची असते. तेथें पावडर फक्त चमकणाऱ्या जागीं दाबावी.

छटा मनगटावर पाहूं नये. जबड्याच्या कडेला पाहावी, कारण ती चेहऱ्याशीं आणि मानेशीं दोघांशींहि जुळली पाहिजे. दुकानाच्या दिव्याखालीं निर्णय करूं नये, दाराशीं दिवसाच्या उजेडांत यावें. लावल्यावर थोडा वेळ जाऊं द्यावा; कित्येक लेप हवा लागली कीं गडद होतात. एकाच सांवळेपणांत कोणाची झांक पिवळी असते, कोणाची तांबूस. गडदपणा जुळून झांक चुकली तर चेहरा मळकट दिसतो. आणि विक्रेता आग्रहानें एक छटा उजळ देऊं लागला, तर ती सरळ परत करावी.

छायाचित्रासाठीं मात्र आणखी एक खबरदारी हवी. उन्हापासून बचाव करणाऱ्या पुष्कळ लेपांत टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतें. झिंक ऑक्साइड म्हणजे बौदिननें चरबींत कालविलेला तोच जस्ताचा सफेदा. दिवसाच्या उजेडांत तो जाणवत नाहीं, पण कॅमेऱ्यावरील फ्लॅशचा प्रकाश समोरून आदळला कीं तो सारा परत फेंकतो, आणि सांवळ्या वधूचा चेहरा मानेपासून तुटल्यासारखा पांढरा येतो. कांहीं बारीक पांढऱ्या पावडरींनींहि असेंच होतें. म्हणून लग्नाच्या आठ दिवस आधीं तोच लेप लावून, त्याच छायाचित्रकाराकडून, त्याच फ्लॅशमध्यें एक चित्र काढवावें. त्यांत चेहरा आणि मान एका रंगाचीं दिसलीं नाहींत, तर लेप बदलण्यास आठ दिवस पुरतात.