श्वासाची रेघ

मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. ‘श्वास’ हा शब्द कवितेत आजवर फार सैलपणे वापरत आलो. २०१९ साली थोरल्या आपाचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. टेकडीसारखी चढलेली, माथ्यावर जवळजवळ सपाट आणि मग एकदम उतरलेली. “हा एक श्वास. या टेकड्या पडद्यावर दिसत राहिल्या, की मला धीर असतो,” त्या म्हणाल्या. त्या रेघेचा इतिहास मी नंतर शोधत बसलो.

त्याची सुरुवात एका मुलीच्या मृत्यूपासून करावी लागते. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीला पायाचं नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलं गेलं. काही मिनिटांतच ती गेली. वेदना संपवणारं औषध माणसालाही संपवू शकतं, हे जगाला कळलं. पण पुढची कित्येक दशकं पहारा म्हणजे काय, तर नाडीवर बोट आणि छातीवर नजर!

उत्तराचं बीज मात्र लवकरच पडलं होतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल हा शास्त्रज्ञ नळीत वायू भरून त्यातून उष्णतेचे किरण सोडत असे. कार्बन डायऑक्साइड हे किरण शोषतो, हे त्याने दाखवलं आणि १८६०च्या दशकात त्याच पद्धतीने माणसाच्या उच्छ्वासातला हा वायू मोजला. १९४३ साली जर्मनीत कार्ल लुफ्ट यांनी याच तत्त्वावरच्या विश्लेषक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. पुढे नेदरलँड्समधले भूलतज्ज्ञ बॉब स्माल्हाउट यांनी शस्त्रक्रियेतल्या या आलेखांचा अभ्यास केला. कालेंडा यांच्यासह त्यांनी तयार केलेला आलेखसंग्रह १९७५ साली निघाला. या यंत्राला कॅप्नोग्राफ म्हणतात.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर करोनाच्या काळात घरोघरी पोहोचला. पण तो रक्तातला ऑक्सिजन सांगतो. श्वास थांबला तरी त्याचा आकडा काही वेळ टिकून राहतो. कॅप्नोग्राफ मात्र श्वासच पाहतो. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली, तर छाती हलल्यासारखी वाटते, कानही फसतात. पण जठर काही कार्बन डायऑक्साइड तयार करत नाही. थोड्याच श्वासांत रेघ आडवी होते. दम्याच्या रुग्णात तिचा चढ तिरका होतो.

१९८६ साली अमेरिकेतल्या हार्वर्डच्या रुग्णालयांनी भूल देतानाच्या देखरेखीचे किमान नियम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी तिथल्या भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही नियम स्वीकारले. भूल दिल्यावर तज्ज्ञाने खोली सोडायची नाही, हा त्यांतला मुख्य नियम. म्हणजे यंत्राच्या जोडीला माणूस हवाच.

टिंडलचा शेवट वाचून मी पुस्तक मिटलं. निद्रानाशासाठी तो क्लोरल हे गुंगीचं औषध घेत असे. १८९३च्या डिसेंबरात त्याच्या पत्नीने दुसऱ्या औषधाऐवजी चुकून त्याचाच मोठा डोस त्याला दिला. जास्त झालं तर हे औषध श्वास मंदावतं. श्वास मोजण्याची वाट दाखवणाऱ्या माणसाच्या उशाशी त्या दिवशी कुठलीच रेघ नव्हती.

आपा बरी होऊन घरी आली. तिला मी डॉक्टरीणबाईंचा तो कागद दाखवला. “एवढ्याशा रेघेवर मी होते होय!” म्हणत तिने तो कागद जपून ठेवला.